वधस्तंभावर दुःख नेमकं कोणी सोसलं?

ख्रिस्ती श्रद्धेतली दोन विधानं शेजारी शेजारी ठेवून पाहा. येशू ख्रिस्त देव आहे, हे पहिलं. त्याला वधस्तंभावर खिळलं, त्याने यातना भोगल्या आणि तो मेला, हे दुसरं. त्यांच्या जोडीला एक तिसरं विधान घ्या, जे पहिल्या काही शतकांतल्या शिकल्यासवरल्या माणसाला वेगळं सांगावंही लागत नसे: देव मरत नाही, बदलत नाही, बाहेरचं कुणी त्याला इजा करू शकत नाही. आता ही तिन्ही एकाच वेळी खरी कशी मानायची? ख्रिस्ती धर्मपंडित निदान अठराशे वर्षं या प्रश्नाशी झगडत आले आहेत.

या वादाची एक सोपी मांडणी हमखास वाचायला मिळते. एका बाजूला ग्रीक तत्त्वज्ञानाच्या नादी लागून घडवलेला थंड, दगडी देव; दुसऱ्या बाजूला बायबलमधला हळवा, माणसांसाठी तळमळणारा देव. वाचायला बरी वाटते, पण दिशाभूल करते. देवाचं माणसांवर प्रेम आहे याबद्दल दोन्ही बाजूंना कधीच शंका नव्हती. भांडण होतं ते दोन प्रश्नांवरून: दुःख कोणी सोसलं, आणि ते कशात सोसलं? हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात का, यावर सगळं अडलेलं आहे.

आधी 'निर्विकार देव' ही कल्पना पाहू. ती ग्रीकांकडून आली हे अर्धं खरं. प्लेटोचा युक्तिवाद असा, की जे सर्वांगपूर्ण आहे ते बदललं तर उणंच होणार, म्हणून देव बदलत नाही. ॲरिस्टॉटलचा देव सगळ्या विश्वाला गती देतो, स्वतः मात्र हलत नाही. पण ख्रिस्ती लेखकांनी ही भाषा उचलली त्याला त्यांचं स्वतःचंही कारण होतं. भोवतालच्या ग्रीक-रोमन दंतकथांतले देव मत्सर करत, वासनेपायी भरकटत, लहर फिरली की माणसांना चिरडत. आमचा देव निर्विकार आहे असं म्हणण्याचा अर्थ त्या जगात असा होता, की राग, भीती, हाव यांच्यापैकी कशाच्याही तावडीत तो सापडत नाही. म्हणून त्याच्या प्रेमावर विसंबता येतं.

बायबल स्वतः काय म्हणतं? ते दोन्ही म्हणतं, आणि कधी कधी एका दमात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढा. अकराव्या ओवीत देव म्हणतो की शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतो. एकोणतिसाव्या ओवीत संदेष्टा शमुवेल बजावतो की देव काही माणूस नव्हे, पस्तावा करायला. आणि पस्तिसाव्या ओवीत अध्याय संपतो तो परमेश्वराला शौलाबद्दल पस्तावा झाला, असं सांगून. लिहिणाऱ्याला यात विसंगती दिसली नसेल असं मानणं मला जड जातं. त्याला दोन्ही गोष्टी सांगायच्या असाव्यात. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात देव ठासून सांगतो की मी बदलत नाही. होशेयच्या अकराव्या अध्यायात तोच देव इस्राएलला टाकून देण्याच्या विचाराने आतून पिळवटून निघतो, आणि लगेच कारण देतो की मी देव आहे, मनुष्य नव्हे. म्हणजे त्याचं देव असणं हेच तिथे त्याच्या न सोडण्याचं कारण आहे.

पुढचं समजायला त्रैक्याचा सिद्धांत थोडक्यात मांडावा लागेल. कुणाबद्दलही दोन प्रश्न विचारता येतात: हे काय आहे, आणि हा कोण आहे? देवाबद्दल 'काय' विचारलं तर उत्तर एकच: एक देवत्व, एक तत्त्व, एक सामर्थ्य, एक इच्छा. 'कोण' विचारलं तर उत्तरं तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघांची बेरीज होऊन देव बनतो असं नाही. प्रत्येक जण पूर्ण देव आहे, तरीही देव तीन नाहीत. आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे. ख्रिस्ताच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. तिथे 'कोण' एकच, तो म्हणजे पुत्र. आणि 'काय' दोन, देवत्व आणि मनुष्यत्व. एवढं ध्यानात राहिलं तर या वादातली निम्मी गुंतागुंत सुटते. अर्थात हे इतकं नेटकं दिसतं ते आज, मागे वळून पाहताना. ही भाषा घडायला सव्वाचारशे वर्षं लागली, आणि ती घडवण्यात दुःखाच्या प्रश्नाचा हात मोठा होता.

सुरुवातीचे ख्रिस्ती बेधडक बोलत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, रोमला मृत्युदंडासाठी नेलं जात असताना, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस 'माझ्या देवाच्या दुःखसहना'चं अनुकरण करू द्या, अशी विनवणी पत्रातून करतो. दुसऱ्या एका पत्रात तो ख्रिस्ताबद्दल म्हणतो, की ज्याला दुःख शिवत नाही तो आपल्यासाठी दुःख भोगणारा झाला. त्याच शतकात सार्दीसचा बिशप मेलितो वल्हांडण सणाच्या प्रवचनात थेट सांगतो की देवाचा वध झाला आहे. इथे अजून सिद्धांत नाही, फक्त धाडस आहे.

पहिली ठेच लागली ती पित्याच्या नावावर. स्मुर्णा इथल्या नोएतसचा हिशेब सरळ होता: देव एकच आहे, ख्रिस्त जर देव असेल तर तो पिताच असला पाहिजे, ख्रिस्ताने दुःख भोगलं, म्हणजे पित्यानेच भोगलं. प्राक्सियस नावाच्या आणखी एका शिक्षकाचं म्हणणंही याच धर्तीचं होतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यावर तुटून पडत लिहिलं की याने पवित्र आत्म्याला हुसकावून लावलं आणि पित्याला वधस्तंभावर चढवलं. तर्तुलियनची जीभ भलतीच तिखट होती. पण मुद्दा नेमका होता: अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशू पित्याची प्रार्थना करतो, ती काय स्वतःशीच बोलण्याची बतावणी होती? पिता आणि पुत्र हे खरोखर दोन 'कोण' असले पाहिजेत. तीन व्यक्ती आणि एक तत्त्व ही मांडणी लॅटिनमध्ये रुळायला लागली ती याच भांडणाच्या लिखाणातून. पुत्रासोबत पित्यालाही निदान सहवेदना झाली असेल, अशी पळवाट प्रतिपक्षाने शोधली, तर तर्तुलियनने तीही बंद केली: सहवेदना म्हणजे दुसऱ्याबरोबर भोगलेली वेदनाच की. ही पळवाट लक्षात असू द्या, विसाव्या शतकात ती राजमार्ग होणार आहे. तिसऱ्याच शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने मात्र यहेज्केलावरच्या एका प्रवचनात बिनदिक्कत म्हटलं होतं की पितासुद्धा दुःखाला अगदीच अस्पर्श नाही. इतरत्र तो देव निर्विकार असल्याचंच सांगतो.

मग चौथ्या शतकात आला एरियस, अलेक्झांड्रियातला एक धर्मगुरू. त्याच्या बाजूच्या लोकांनी दुःखाचाच पुरावा केला: शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रकथांतला, पुत्र रडतो, तहानेने व्याकूळ होतो, त्याचा जीव घाबरतो, खरा देव असा होत नाही, सबब पुत्र पित्याहून खालचा, निर्माण केलेला. ३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेने हे फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचं मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत सूत्रात, घातलं. त्याच मतांगीकारात पुत्राने दुःख सोसलं हेही आहे. म्हणजे परिषदेने अडचण सोडवली नाही, उलट तिला कायमचं घर बांधून दिलं.

त्या घरात पहिलं मोठं भांडण झालं ते नेस्तोरियस आणि सिरिल यांच्यात. नेस्तोरियस ४२८ साली कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष झाला. येशूची आई मरीया हिला 'देवमाता' म्हणणं त्याला पटत नव्हतं, आणि त्यामागची धास्ती समजण्यासारखी होती. देव जन्मला म्हटलं की देव मेला म्हणावं लागेल, आणि मग देवत्वाचं काय राहिलं? म्हणून तो ख्रिस्तातलं दैवी आणि मानवी अशी दोन खाती वेगळी ठेवायला पाहत होता: चमत्कार या खात्यावर, यातना त्या खात्यावर. अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष सिरिल याने याला कडाडून विरोध केला. ४३० सालच्या पत्रात त्याने बारा शापवचनं जोडली. देवाच्या शब्दाने, म्हणजे पुत्राने, देहात दुःख सोसलं, देहात वधस्तंभ भोगला, देहात मरण चाखलं, हे जो मान्य करणार नाही तो शापित असो, असं त्यातलं शेवटचं. पुढच्याच वर्षी इफिस इथल्या परिषदेत नेस्तोरियस पदच्युत झाला. सिरिलचं राजकारण फारसं स्वच्छ नव्हतं, हे इतिहास वाचणाऱ्या कुणालाही दिसतं. पण त्याचा विचार त्याच्या राजकारणापेक्षा कितीतरी सरस होता.

विचार असा. दुःख कोणी सोसलं? देवाच्या पुत्रानेच, दुसऱ्या कुणीही नाही. कारण तिथे दुसरा कुणी 'कोण' नव्हताच. कशात सोसलं? त्याने स्वतःच्या केलेल्या मानवी शरीरात आणि मनात. त्याच्या देवत्वाला त्यामुळे ओरखडा उठला का? नाही. याला सिरिलचे शब्द आहेत, 'त्याने दुःखाविना दुःख सोसलं.' ऐकायला शब्दांची कसरत वाटते. समजावताना तो तापून लाल झालेल्या लोखंडाचं उदाहरण देतो: घणाचा घाव बसतो तेव्हा लोखंड वाकतं, त्यात भरलेल्या आगीला मात्र इजा होत नाही. उदाहरण पुरतं जुळत नाही, कारण आग लोखंडाला 'माझं' म्हणत नाही. पुत्र मात्र त्या देहाला माझा म्हणतो, आणि सिरिलचा सगळा भर नेमका त्यावर आहे. देवाला दुःख स्वभावतः भोगता येत नसेल, तर ते भोगण्यासाठी त्याने भोगता येईल असा स्वभाव घेतला. देहधारण, म्हणजे देवाने माणूस होणं, कशासाठी, याचं हे मला माहीत असलेलं सगळ्यात बिनतोड उत्तर आहे.

४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने एक व्यक्ती, दोन स्वभाव, त्यांची भेसळही नाही आणि फारकतही नाही, असं सूत्र दिलं. पुत्राच्या देवत्वालाच दुःख होतं असं म्हणणाऱ्यांना धर्माधिकाऱ्यांच्या सभेतून बाहेर काढावं, असंही त्याच निर्णयात आहे. यावर सगळे शांत व्हायला हवे होते. झालं भलतंच. अंत्युखियात 'पवित्र देवा, पवित्र समर्था, पवित्र अमरा' या प्राचीन स्तवनात 'आमच्यासाठी वधस्तंभावर खिळलेल्या' अशी पुस्ती जोडली गेली होती. अंत्युखियात हे स्तवन ख्रिस्ताला उद्देशून म्हटलं जाई, तिथे ती पुस्ती चपखल बसे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तेच स्तवन संपूर्ण त्रैक्याला उद्देशून असे. तिथे तिचा अर्थ पिता आणि आत्माही खिळले गेले, असा होई. ५१२ साली सम्राट अनास्तासियसच्या आश्रयाने ती राजधानीत म्हटली जाऊ लागली तेव्हा शहरात रक्तरंजित दंगली उसळल्या. म्हातारा सम्राट शेवटी मुकुट उतरवून शर्यतीच्या मैदानात लोकांसमोर आला आणि पद सोडायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे जमाव निवळला. सीरियन परंपरेच्या चर्चेसमध्ये ती ओळ आजही म्हटली जाते, ख्रिस्ताला उद्देशूनच.

तोडगा सुचवला तो सिथियाकडून आलेल्या काही संन्याशांनी, ५१९ च्या सुमारास: 'त्रैक्यातल्या एकाने देहात दुःख सोसलं.' छोटंसं वाक्य, पण प्रत्येक शब्द तोलून वापरलेला. 'त्रैक्यातल्या' म्हटल्यामुळे तो देवच आहे. 'एकाने' म्हटल्यामुळे पिता त्यात ओढला जात नाही. 'देहात' म्हटल्यामुळे देवत्व अबाधित राहतं. पोप होर्मिस्दासला हे संन्यासी म्हणजे नसती डोकेदुखी वाटली आणि त्याने त्यांना वाटेला लावलं. पण सम्राट जस्टिनियनला सूत्र पटलं, ५३४ मध्ये पोप दुसऱ्या जॉनने ते मान्य केलं, आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने देहात खिळला गेलेला येशू ख्रिस्त हा खरा देव आणि पवित्र त्रैक्यातला एक आहे, हे न मानणाऱ्याला शापित ठरवलं. दोन पिढ्यांपूर्वी जे ऐकून कान टवकारले जात, ते आता सक्तीचं झालं.

मध्ययुगात फार उलथापालथ नाही. अकराव्या शतकात आन्सेल्म या धर्मपंडिताने विचारलं की देव निर्विकार आणि दयाळू एकाच वेळी कसा. उत्तर दिलं की दयेचा परिणाम आपल्याला जाणवतो, तिची कळ त्याला येत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने जवळपास हेच अधिक काटेकोरपणे मांडलं. तर्काला धरून आहे, पण आन्सेल्मचा तो परिच्छेद वाचताना त्यालाही ते पुरेसं वाटलं नसावं अशी शंका मला येते. सोळाव्या शतकात धर्मसुधारक लूथरने वधस्तंभ पुन्हा केंद्रस्थानी आणला आणि ख्रिस्ताच्या बाबतीत देव मेला असं म्हणायला तो कचरला नाही. तरी इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांनी देवाला शरीर, अवयव आणि विकार नसल्याचं पहिल्याच कलमात नोंदवलं.

मग विसाव्या शतकाने फासे उलटवले. १६ जुलै १९४४ रोजी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून नाझींना विरोध करणारे जर्मन पाद्री दीट्रिख बॉनहॉफर यांनी मित्राला लिहिलं की फक्त दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली. १९४६ साली, युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये, काझोह कितामोरी या लुथरन पंडितांनी यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातल्या एका ओवीवरून 'देवाची वेदना' हाच शुभवर्तमानाचा गाभा असल्याचं मांडलं. ज्यांना क्षमा करायला नको त्यांच्यावर प्रेम करताना देवाला वेदना होते, असं ते म्हणत.

सगळ्यात खोलवर गेला तो जर्मन प्रोटेस्टंट धर्मपंडित युर्गेन मोल्टमान यांचा १९७२ चा ग्रंथ, 'वधस्तंभावर खिळलेला देव'. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बचा वर्षाव झाला तेव्हा किशोरवयीन मोल्टमान विमानविरोधी तोफांच्या पथकात होते. शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला, ते वाचले. नंतर युद्धकैदी असताना त्यांच्या हाती बायबल पडलं. त्यांचा सगळा विचार मार्क १५:३४ मधल्या आक्रोशावर उभा आहे: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मोल्टमान म्हणतात, हा टाहो सौम्य करू नका. पुत्राला पित्याने खरोखर सोडलं होतं. पुत्र मरण भोगतो. पिता पुत्राचं मरण भोगतो, आणि मुलगा गमावल्याचं ते दुःख मरणाहून कमी नाही. वधस्तंभ ही देव आणि देव यांच्यातली घटना आहे, आणि त्रैक्य म्हणजे काय ते तिथेच कळतं. नोएतसप्रमाणे पित्यालाच खिळलं असं ते म्हणत नाहीत. दोघांची दुःखं वेगळी ठेवतात. तरीही तर्तुलियनने बंद केलेलं सहवेदनेचं दार त्यांनी सताड उघडलं.

त्यांच्या म्हणण्यातलं बळ नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला दुःख होऊच शकत नाही त्याला प्रेम तरी करता येतं का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि छळछावण्यांनंतर तो टाळणं निर्लज्जपणाचं झालं असतं. काही वर्षांतच हे मत इतकं पसरलं की तेच नवं सनातन मत झालं, असं अभ्यासक लिहू लागले.

पण कॅथलिक धर्मपंडित कार्ल राहनर यांची शंका मला अजून निरुत्तर वाटते. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: मी चिखलात रुतलोय, आणि देवही तितकाच रुतलाय, तर माझी सुटका कशी होणार? सोबत मिळते हे खरं, पण सोबत आणि सुटका एक नव्हेत. शिवाय दुःख देवाच्या स्वभावातच घातलं तर ते अनंतकाळचं होतं. मग दुःख कधी संपणार या आशेला आधार कुठला? सिरिलच्या देवाकडे दोन्ही आहे: तो खरोखर मरतो, आणि मरण त्याला गिळू शकत नाही. थॉमस वाइनँडी यांच्यासारखे आजचे अभ्यासक जुन्या मताकडे परततात ते याच वाटेने.

दुसरा हल्ला डाव्या बाजूने आला. १९७३ साली जर्मन धर्मपंडित डोरोथी झोले यांनी विचारलं, स्वतःच्या मुलाला मरणाच्या हवाली करणारा हा पिता आणि फाशी देणारा मारेकरी यांत फरक काय? पीडितांच्या बाजूने उभं राहायला निघालेली ही मांडणी देवाला छळ करणाऱ्याच्या जागी नेऊन ठेवते, असा त्यांचा आरोप होता.

याला जुन्या परंपरेकडे एक उत्तर आहे, जे या चर्चेत फारसं ऐकू येत नाही. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ठरवलं की इच्छा ही 'काय'कडे मोडते, 'कोण'कडे नाही. म्हणून त्रैक्यात इच्छा एकच, आणि ख्रिस्तात दोन, दैवी आणि मानवी. 'माझ्या इच्छेप्रमाणे नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं गेथशेमानेत म्हणते ती पुत्राची मानवी इच्छा. आणि ती ज्या दैवी इच्छेला होकार देते, ती जितकी पित्याची तितकीच पुत्राचीही आहे. एकाने ठरवलं आणि दुसऱ्याच्या माथी मारलं, असे दोन पक्ष तिथे नाहीतच.

वधस्तंभावर पिता आणि पुत्र अर्पणाच्या इच्छेत एक होते, असं मोल्टमानही लिहितात. सर्वाधिक दुरावलेले आणि त्याच क्षणी सर्वाधिक एकरूप. तेव्हा विचारायचं ते इतकंच, की दुरावा कशात होता? मानवी स्वभावात म्हटलं तर आपण सिरिलपाशी परत आलो. देवत्वातच म्हटलं तर निकेयाचं एकतत्त्व टिकवणं अवघड होतं. १९८० च्या पुस्तकात मोल्टमान यांनी दुसरी वाट उघडपणे धरली: एका तत्त्वापासून सुरुवात न करता परस्परांत राहणाऱ्या तीन व्यक्तींपासून करायची आणि देवाचं एकपण त्यांच्या सहवासात शोधायचं. ते तीन देव मानतात, हा आक्षेप त्या मांडणीवर तेव्हापासून घेतला जातो.